गाडीची आगोट

मे महिना संपत आला की आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात दोन प्रकारची माणसं कामाला लागतात. एक इथली. कौलं शाकारून घ्या, लाकडं पडवीत रचा, मसाला, सुकट, पापड डब्यात भरा. याला आमच्याकडे आगोट म्हणतात. दुसरी शनिवार-रविवारची, म्हणजे फार्महाऊसवाली. त्यांची आगोट एकाच कामाची असते. मुंबईच्या सोसायटीत जागा नाही म्हणून इथे आणून ठेवलेली जुनी हौसेची गाडी चकाचक धुवायची, पॉलिश मारायचं, वर जाड प्लॅस्टिकचं कव्हर ओढायचं, सुतळीने चहूबाजूंनी करकचून बांधायचं, शेडचं शटर खाली घ्यायचं आणि "आता गणपतीनंतर भेटू" म्हणून निघून जायचं.

मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडच्या जुन्या गाड्या पावसाने मरत नाहीत, त्या या कव्हराने मरतात. आणि मेल्यावर आपण दोष देतो कोकणच्या हवेला, नाहीतर बिचाऱ्या राखणदाराला.

बोलतोय ते मुख्यतः जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, इथे कुठे आल्या त्या? आहेत हो. एखादी एमजी, एखादी ट्रायम्फ स्पिटफायर कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये झोपलेली असते. स्पिटफायर परकी वाटत असेल तर तिची चुलत बहीण तुम्ही नक्की पाहिली आहे. मद्रासला १९६१ पासून बनू लागलेली आपली स्टँडर्ड हेरल्ड. दोघींचं रेखाटन एकाच इटालियन माणसाचं, मिकेलोत्तीचं. हेरल्डला खाली पूर्ण चासी, वर बोल्टने कसलेली बॉडी. १९६२ मध्ये स्पिटफायर करताना कंपनीने त्या चासीचे बाजूला जाणारे हात काढून टाकले आणि तो भार दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांवर सोपवला. त्याच वर्षीच्या एमजीबीला तर वेगळी चासीच नाही, बॉडी हीच चासी.

हे सांगायचं कारण असं की साध्या गाडीला वरून छप्पर असतं, ते थोडा भार पेलतं. उघड्या दोन सीटरला छप्पर नाही. पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून आहेत ती मुख्यतः दाराखालच्या त्या दोन पेट्यांच्या आणि तळाच्या पत्र्याच्या जोरावर. पेटी आतून खाल्ली गेली की गाडी मधोमध वाकायला लागते. दार आधी जरा घासतं, मग लागेनासं होतं. मालक बिजागरी ठोकून घेतो. बिजागरीचा दोष नसतोच. कणा गेलेला असतो आणि आपण चपला बदलत असतो.

आता पहिली सबब. "अहो, कर्जत काय अलिबाग आहे का? इथे समुद्र नाही, खारी हवा नाही, गंज कशाला चढेल?"

दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे लोखंडाला गंजायला समुद्र लागत नाही, दमट हवा पुरते. व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिलं की हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली आणि पृष्ठभागावर थोडी धूळ-घाण असली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ६० टक्के म्हणजे कोरडा दिवस! घाटाच्या पायथ्याला एका हंगामात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर पत्रा जेमतेम दोन अंशांनी गार झाला की त्यावर दव धरतं. म्हणजे रोज रात्री. आणि पावसाळा संपला म्हणून सुटलो असंही नाही. उल्हास नदीच्या काठची डिसेंबरातली धुक्याची पहाट आठवा. शेडमधल्या गाडीच्या पत्र्यावर बोट फिरवून पाहा, ओलं लागेल.

दुसरं उत्तर जास्त टोचणारं आहे. समुद्र इथे नाही, पण तो गाडीबरोबर आला आहे. यातल्या बहुतेक गाड्यांचं तरुणपण दादर, वरळी, कुलाब्याला गेलं. तीस-चाळीस वर्षं खारा वारा खाऊन ते मीठ जोडांत आणि पेट्यांत जाऊन बसलंय. मीठ दमट हवेतून पाणी ओढून घेतं, हे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हात घालणाऱ्या कुठल्याही गृहिणीला विचारा. ते आतलं मीठ धुतल्याशिवाय गाडी कर्जतला आणली काय आणि महाबळेश्वरला नेली काय, सारखंच.

मग हा गंज लपूनच का बसतो? उघड्या पत्र्यावर का नाही येत? यात जादू नाही. लोखंडावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू भरपूर पोचतो, मधोमध कमी पोचतो. या फरकामुळे एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि झिजतं कुठलं लोखंड, तर जिथे प्राणवायू कमी आहे तिथलं, म्हणजे मधलं. केंब्रिजच्या इव्हान्सने हा थेंबाचा प्रयोग केला होता. आता थेंबाच्या जागी गाडीतला जोड घ्या. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले. मधल्या फटीत पाणी शिरतं, वारा शिरत नाही. झीज नेमकी तिथे, जिथे रंगही पोचला नाही आणि डोळाही पोचत नाही. वर गंजाला मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पत्रे आतून पाचर मारल्यासारखे फाकवतो आणि पुढच्या पाण्याला वाट करून देतो.

कुणीतरी आता दिल्लीच्या लोहस्तंभाचं नाव काढणारच. दीड हजार वर्षांहून जास्त काळ उभा आहे, गंजला नाही, आपले पूर्वज वगैरे. कौतुक खरंच आहे. त्या लोखंडातलं फॉस्फरसचं प्रमाण आणि दिल्लीची कोरडी हवा यांनी तो टिकवला. पण त्याच स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग जेव्हा उघडून पाहिला, तेव्हा त्यावर गंज होता. जगाला दिसतो तो भाग लखलखीत, झाकलेला गंजलेला. फार्महाऊसवाल्यांनी हा धडा तरी घ्यावा.

आता माझे तीन शत्रू सांगतो.

पहिला शत्रू, कव्हर. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली हवा खेळत नाही. ओल्या फरशीतून वर येणारी वाफ त्याखाली अडकते आणि रात्री पत्र्यावर उतरते. ओलं भात कणगीत भरून तोंड लिंपणारा शेतकरी तुम्ही कर्जत तालुक्यात बघितलाय का? भाताच्या जाती शोधणारं संशोधन केंद्र आमच्या गावात आहे, पण हे सांगायला केंद्रही लागत नाही. आधी वाळवा, मग झाका. गाडीच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसं सकाळी पाइपाने गाडी धुतात आणि संध्याकाळी ओलीच बांधून टाकतात.

दुसरा शत्रू, ते काळं रबरी कोटिंग. "साहेब, खालून अँटी-रस्ट मारून देतो, दहा वर्षं बघायला नको." या वाक्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे खरे आहेत, बघायला नको! नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर नीट मारलेलं कोटिंग दगड-चिखलापासून राखतं, मान्य. पण साठ वर्षांच्या, आधीच गंज धरलेल्या तळावर ते मारणं म्हणजे ओल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधणं. कोटिंग कालांतराने कडक होतं, कुठेतरी केसाएवढी चीर जाते, पाणी आत जातं, बाहेर येत नाही. आणि मारणारा घाईत निचऱ्याची भोकंही त्याच काळ्या रबराने बुजवून टाकतो. जी भोकं कारखान्याने पाणी निघून जावं म्हणून ठेवली, तीच आपण पैसे देऊन बंद करून घेतो.

तिसरा शत्रू, लांबी आणि पॉलिश. आमच्या एका जवळच्या नातेवाइकांनी (नाव घेत नाही, दिवाळीला भेटायचंय!) एक लाल दोन सीटर घेतली. रंग असा की आरशात बघून भांग पाडावा. पहिलंच चाक बदलायला जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक दाराखालच्या पेटीत घुसला. आत पत्रा नव्हताच. जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर रंग, रंगावर पॉलिश. फ्रीजच्या दारावरचं साधं चुंबक नेऊन लावलं असतं तरी ते खाली पडलं असतं. पण विकणाऱ्याने रंग दाखवला आणि घेणाऱ्याने रंगच पाहिला. दोष कुणाचा ते ठरवत बसत नाही. ज्या बाजारात गाडीची किंमत तिच्या चकाकीवर ठरते, त्या बाजारात दुसरं काय होणार?

फायबरवाले इथे हसत असतील. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागला, चिंकारा नावाची उघडी दोन सीटर बनत असे. त्याआधी, १९९८ च्या सुमारास, गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली. दोन्हींची बॉडी फायबरची. "फायबर कुठे गंजतं?" फायबर नाहीच गंजत, पण त्याच्या खाली चासी लोखंडाचीच असते. बॉडी शाबूत दिसते म्हणून खाली कुणी वाकत नाही. १९६२ च्या लोटस एलानचं उदाहरण तर मासलेवाईक आहे. वर फायबर, मधोमध पत्र्याचा कणा. त्याच कण्याचा पुढचा आडवा भाग कंपनीने हेडलाइट वर-खाली करण्यासाठी निर्वात टाकी म्हणूनही वापरला. बंद पेटी, आत दमट हवा, दिसायची सोय नाही. तो भाग आतून गंजत जायचा. लोखंड कुठल्या कपड्यात आहे याच्याशी गंजाला देणंघेणं नसतं.

एवढं सगळं सांगितल्यावर "हवाच तशी आहे हो" हे ऐकायला मिळतं. या वाक्याची मला खरंच चीड येते. खोपोलीत १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होतेय. डोंगरावरून पाणी आणणारे ते अजस्र लोखंडी पाइप याच पावसात उभे आहेत. कुणी त्यांना ताडपत्री घालून "गणपतीनंतर भेटू" म्हटल्याचं ऐकलं नाही. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासूनची. पावसाळ्यात घाटातली वाहतूक थांबते, आणि पुन्हा सुरू करण्याआधी रूळ तपासले जातात, चाचणी होते. हवा सगळ्यांना सारखीच आहे. फरक बघणाऱ्या डोळ्याचा आहे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे राखणदारावर ढकलणं. "माळ्याने लक्ष दिलं नाही." अहो, त्या माणसाला तुम्हीच बजावून गेलात ना, की गाडीला हात लावायचा नाही, कव्हर सोडायचं नाही? शटरची किल्ली मुंबईला घेऊन गेलात. त्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुडाची घरं या पावसात कोरडी राखत आलीत. ओल कुठून येते हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. किल्ली द्या आणि उघडीप पडली की शटर उघडायला सांगा. त्याचा मेहनताना वेगळा द्या. पॉलिशच्या डब्याहून स्वस्त पडेल.

मग करायचं काय? खरी आगोट.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरुवात करा, विसाव्या तारखेला नव्हे. गाडी खालून धुवा, नुसत्या गोड्या पाण्याने, मडगार्डच्या आतून, जिथे वर्षानुवर्षांचा चिखल घट्ट बसलाय तिथून. मग एक तार घ्या आणि दारांच्या तळाची, दाराखालच्या पेट्यांची, डिकीच्या कोपऱ्यांची निचऱ्याची भोकं एकेक करून मोकळी करा. कार्पेट आणि त्याखालचं नमदं बाहेर काढा. तळाचा पत्रा आधी तिथेच जातो, कारण नमदं पाणी धरून ठेवतं. आता दारं, बॉनेट, डिकी सताड उघडी टाकून तीन-चार दिवस मेचं ऊन खाऊ द्या. हे ऊन फुकट आहे आणि त्याच्यासारखं ड्रायर जगात नाही.

पूर्ण वाळल्यावरच पुढचं काम. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा आता सहज मिळतो, तो भोकातून आत घालून बघा. मग लांब नळीच्या पिचकारीने पेट्यांच्या आत मेण मारा. कॅव्हिटी वॅक्स या नावाने मिळतं. मेच्या उकाड्यात ते पातळ राहून जोडांच्या फटीत आपोआप ओढलं जातं, म्हणूनही महिना हाच. मारून झालं की भोकं पुन्हा तारेने मोकळी करा. खालचं सुटलेलं रबर खरवडून काढा, तारेच्या ब्रशने घासा, जस्ताचा प्रायमर, वर रंग. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली, ती उगाच नाही.

एक हात जोडून विनंती. इंजिनातून काढलेलं काळं तेल खाली फासू नका. त्यात आम्ल असतं, जळका कचरा असतो, आणि पहिल्याच सरीबरोबर ते ओघळून शेजारच्याच्या भातखाचरात नाहीतर विहिरीत जातं. तुमची हौस, त्याचं भात?

शेडला समोरासमोर जाळीच्या खिडक्या हव्यात. फरशीखालून ओल येत असेल तर गाडीच्या खाली प्लॅस्टिक अंथरा. प्लॅस्टिकची जागा खाली, वर नाही! वर धूळ बसू नये म्हणून सुती चादर पुरे. युरियाची पोती त्याच शेडमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात ती पाणी ओढतात. बॅटरी काढून वेगळी ठेवा, तिच्या आम्लाने खालची ताटली आधी खाल्ली जाते. उंदरांची घरटी बघा, त्यांच्या मुतानेही पत्रा सडतो. आणि उघडीप मिळाली की गाडी चालवा, वीस-पंचवीस किलोमीटर, चांगली गरम होईपर्यंत. उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन घरघरवून काही होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी एकदा कार्पेट उचला. खंडेनवमीची पूजा हत्याराची असते, हाराची नव्हे.

"एवढा खटाटोप एका हौसेपायी?" असं विचारणाऱ्यांना शेवटचं आणि गंभीर उत्तर.

साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच सर्किटमधून जातं. त्याच्या लोखंडी नळ्या तळाला चिकटून जातात. तळ ज्या काळ्या कोटिंगने झाकला, त्याच कोटिंगखाली त्या नळ्याही झाकल्या. एक नळी गंजून फुटली तर एका चाकाचा नाही, चारही चाकांचा ब्रेक जातो. ती फुटते कधी? ब्रेक सगळ्यात जोरात दाबल्यावर, म्हणजे खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना. घाटात शिंग्रोबाला नाणं टाकण्याची आपली रीत आहे, जरूर टाका. पण त्या उतारावर तुमच्या पुढे एसटी असते, दुचाकीवरचं कुटुंब असतं. त्यांनी तुमच्या हौसेची वर्गणी भरलेली नाही. नळ्या तांबं-निकेलच्या घालून घ्या आणि ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी पितं.

कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी तिथे व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. आता आतून सडू दिलेल्या गाडीचा कणा कापून नवा घालायची वेळ आली, तर "मूळ रूप" उरलं कुठे? इंजिनाचे सुटे भाग खटपट करून मिळतात. रंग तर केव्हाही चढवता येतो. मूळ पत्रा एकदाच मिळतो, गेला की गेला.

थोडक्यात काय, तर जुनी गाडी राखणं म्हणजे ती चमकवणं नव्हे. दहा मिनिटांचं काम सांगतो. या मे महिन्यात पॉलिशचा डबा उघडण्याआधी उकिडवे बसा, दाराखालचं पहिलं भोक शोधा आणि त्यात तार घाला. कोरडी माती पडली तर नशीबवान आहात. तांबूस पाणी आलं तर कव्हर तिथेच पेटीत ठेवून द्या आणि कामाला लागा. आणि भोक सापडलंच नाही, तर ते आधी शोधा. कुणीतरी ते बुजवलेलं आहे.